अकरावी कृती

चौथीचा निकाल लागला त्या दिवशी शाळेने एक कागद दिला,
दोन्ही बाजूंनी झेरॉक्स,
मागची अक्षरं पुढून दिसणारी.
वर ठळक: सुट्टीत घरी करून पाहा.
देवश्रीने तो मशीनच्या टेबलावर ठेवला,
कापलेल्या चौपन्न बाह्यांवर,
आणि म्हणाली, आई, यातलं काहीच विकत आणायचं नाहीये.
शाळेचं मला तेवढं पटलं.

पहिली कृती: घरातल्या वस्तू मोजा.
माझी टेप तिने गळ्यात घातली, माझ्यासारखीच.
खिडकी अडतीस इंच. ओटा एकेचाळीस.
बाबा झोपलेले, अंबडची तिसरी पाळी करून आलेले,
म्हणजे अंदाजे साडेपाच फूट,
पाय दुमडले नसते तर.
मग कळलं, कागदात सेंटिमीटर म्हटलंय.
टेप उलटी करून सगळं घर पुन्हा मोजलं.
घर तेवढंच निघालं, आकडे मात्र केवढाले!
दिवसभर खूश होती.

चौथी कृती पाण्याची.
आमच्या पवननगरात नळ येतो पहाटे सव्वापाचला.
लिटरच्या बाटलीने बादली भरायची, मोजत मोजत.
मागे रांगेत गायधनी वहिनी, दोन हंडे घेऊन.
वहीत नोंद अशी:
बादली १७ लिटर. वेळ ९ मिनिटं. शेजारी रागावले.

सातवीला काठी हवी होती.
गच्चीवर वाळवणाचा बांबू उभा केला.
सकाळी त्याची सावली टाकीपर्यंत गेलेली,
दुपारी पायाशी मांजरासारखी बसलेली.
संध्याकाळची मोजायला मी पण वर गेले,
बटणं लावायची तशीच ठेवून.
समोर पांडवलेणीचा डोंगर.
त्याची सावली कुणी मोजायची, तिने विचारलं.
म्हटलं, शिकवतात ते, मोठ्या शाळेत.
मलाही शिकवलं होतं दहावीत.
एवढंच आठवलं, की त्याला कोन लागतो.

अकरावी कृती अगदी तळाशी होती.
"आपल्या आईला विचारा की"
आणि तिथेच झेरॉक्समध्ये पान तुटलेलं.
म्हटलं, राहू दे, दहा झाल्या, पुष्कळ झालं.
ती म्हणाली, असं कसं, विचार म्हटलंय ना.

मग मे महिनाभर विचारतच सुटली.
आई, एका शर्टाला किती दोरा लागतो?
आई, काज आधी की बटण?
द्राक्षं संपली की गाडीवाले मामा काय विकतात?
सिटीलिंकचे ड्रायव्हर जेवतात कधी?
या बाह्या कुठल्या शाळेच्या?
तुझ्याच, म्हटलं. जूनपासून जाशील त्या.
मग यातली माझी कुठली?
ते मलाही माहीत नव्हतं.
गठ्ठ्यातून एक काढली, तिच्या हाताला लावली,
मोठी झाली. परत ठेवली.

आई, तू कितवीपर्यंत शिकलीस?

सुई बोटात गेली नाही. तसलं काही झालं नाही.
मशीन चालूच होतं.
अकरावी, म्हटलं. अर्धी.
अकरावी! ती नाचलीच. म्हणजे हेच विचारायचं होतं!
मग जरा थांबून,
अर्धी कशी असते?
म्हटलं, सहामाहीचा पेपर दिला. वार्षिकला बसले नाही.
का, ते तिने विचारलं नाही,
की विचारणार होती आणि
खाली बर्फाच्या गोळ्याची घंटा वाजली,
नक्की सांगता येत नाही.

रात्री वही उघडी होती ओट्यावर, पेन्सिल मधे.
११. आईला विचारलं. आईची सहामाही झाली आहे.
वार्षीक बाकी आहे.

मी शुद्धलेखन तपासलं.
एक वेलांटी चुकली होती, दीर्घ झाली होती,
खोडरबराने खोडून ऱ्हस्व केली.
बाकीचं होतं तसं ठेवलं.